फेरिचच्या वहीमागून लंडन

मंगळवार, केन्सिंग्टन

हाइड पार्कच्या दक्षिण कडेला प्रिन्सेस गेट नावाची उंच घरांची रांग आहे. त्यातलं २० नंबरचं घर म्हणजे पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की म्युझियम. म्युझियम म्हणून आपण डोळ्यांपुढे जे आणतो, तसं बाहेरून काहीच नाही. बेल वाजवायची आणि थांबायचं. दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या आसपासच्या, टाय-जाकीट घातलेल्या एका आजोबांनी. कुठून आलात? इंडिया. इंडियात कुठे? परदेशात "कोल्हापूर" म्हटलं की पाठोपाठ "मुंबईच्या दक्षिणेला" हे शेपूट जोडायची मला सवय आहे. ते जोडायच्या आत आजोबांनी दोन्ही हात वर केले. "वळिवडे!"

आमच्यासाठी वळिवडे म्हणजे गांधीनगर. लग्नसराईत आहेराच्या साड्या होलसेलमध्ये घ्यायला जायचं ठिकाण. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले, हे घरोघरी माहीत असतं. त्याआधी १९४३ ते १९४८ या काळात तिथल्याच बराकींत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, हे जुन्या माणसांच्या बोलण्यात "पोलंड कॅम्प" म्हणून यायचं आणि तिथेच संपायचं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे हाकललेली ही कुटुंबं. पुढे इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. बहुतेक बायका आणि मुलंच होती, कारण पुरुष सैन्यात. आजोबांची आई आणि थोरली बहीण त्यांतल्या. वडील तेव्हा इटलीत लढत होते. सगळं घर इंग्लंडमध्ये एकत्र आलं आणि मग यांचा जन्म झाला. बहीण नव्वदीच्या जवळ आली आहे, आणि दुकानातला आंबा घरी आणला की अजूनही "हा आंबा नव्हे" म्हणून परत पाठवते म्हणे. पटलं मला.

त्या एका नावावर आम्हाला जवळजवळ खासगी फेरी मिळाली. आमचे हे वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे, होते. विमान दिसलं की माणूस आधी रिवेट बघतो, मग विमान. भाचीकडे हॅरोला जायचं ठरल्यापासून यांनी ३०३ पोलिश स्क्वाड्रनची, म्हणजे ब्रिटिश वायुदलातल्या पोलिश वैमानिकांच्या पथकाची, यादी काढून ठेवली होती, कुणाच्या नावावर किती विमानं पाडली, अशी. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मध्ये जर्मन विमानांपासून ब्रिटन राखताना, ३०३ ने १२६ विमानं पाडल्याचा दावा आहे आणि हरिकेन विमानं वापरणाऱ्या पथकांत हा आकडा सगळ्यांत मोठा आहे. जर्मन नोंदींशी ताडून पाहणारे अभ्यासक खरा आकडा बराच कमी धरतात. असं त्या काळी सगळ्याच बाजूंच्या दाव्यांचं झालं. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तर तिघांनाही ते आपलंच वाटायचं. हे आणि आजोबा या आकड्यावर पंधरा मिनिटं रमले. मला त्या आकड्यात फारसा रस नव्हता. माझं लक्ष आजोबांनी मध्येच उच्चारलेल्या एका शब्दाकडे गेलं. वही.

ही वही मिरोस्वाव फेरिचची. जन्म १९१५, बोस्नियातल्या त्राव्हनिक गावी. वडील क्रोएशियन, आई पोलिश. लहानपणीच तो आईबरोबर पोलंडला, ओस्त्रूफला आला. देंब्लिनच्या वायुसेना विद्यालयातून बाहेर पडला आणि १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने हल्ला केला तेव्हा वॉर्सॉच्या रक्षणासाठीच्या तुकडीत पीझेडएल पी-११ हे जुनं पोलिश लढाऊ विमान उडवत होता. उघडी कॉकपिट, न मिटणारी चाकं, ताशी जेमतेम पावणेचारशे किलोमीटर वेग. समोरचं जर्मन मेसरश्मिट ताशी साडेपाचशेच्या पुढे जाणारं. सुरुवातीच्या दिवसांतच त्याला पॅराशूटने उडी मारावी लागली. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या आणि वायुदलाला रुमानियात निसटायचा हुकूम झाला. तिथून हजारो वैमानिक आणि मेकॅनिक खोटे कागद, लाच, बोटी असं जमेल ते करून फ्रान्सला पोचले. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडल्यावर इंग्लंडला. फेरिचही त्याच वाटेने आला, आणि या सगळ्या धावपळीत हा मुलगा रोजनिशी लिहीत होता.

लंडनच्या पश्चिमेच्या नॉर्थोल्ट हवाई तळावर ३०३ उभी राहिली तेव्हा ती रोजनिशी एकट्याची राहिली नाही. उड्डाण करून आलेल्याला फेरिच गाठायचा आणि वही पुढे करायचा. काय झालं ते तूच लिही. दमलेली, घामेजलेली पोरं वैतागायची, पण लिहायची. फोटो चिकटवले, कात्रणं लावली, चित्रं काढली. बघता बघता ती पथकाची बखर झाली. २६ सप्टेंबर १९४० ला राजे सहावे जॉर्ज नॉर्थोल्टला आले, तेव्हा त्यांचीही सही या वहीत घेतली गेली. मूळ खंड याच संस्थेच्या संग्रहात आहेत. आपल्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते उलटायला मिळत नाहीत आणि तेच बरोबर आहे.

दुसरी गोष्ट ऐकली ती ध्वजाची. पोलिश वायुदलाचा ध्वज १९४० मध्ये विल्नो (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) शहरात, म्हणजे परक्या राजवटीच्या नाकाखाली, बायकांनी गुपचूप भरला. तो शहरातून काढून बर्लिन, मग स्टॉकहोम असा लंडनला पोचवला, आणि त्यात जपानी राजनैतिक मंडळींची मदत झाली. युद्धातली कोण कुणाची बाजू, हे अशा वेळी कळेनासं होतं. १६ जुलै १९४१ ला स्विंडर्बीच्या तळावर तो पथकांच्या हाती दिला गेला. त्यावरचं वाक्य: प्रेम त्याग मागतं. युद्धानंतर तो या घरात जपून ठेवला होता, १९९२ मध्ये पोलंडला परत गेला. बारीक टाक्यांचं भरतकाम करणारीला माहीत असतं, असल्या कामाला किती संध्याकाळी लागतात आणि खिडकीचा पडदा किती वेळा ओढून घ्यावा लागला असेल.

जाणाऱ्यांसाठी: म्युझियम आठवड्यातले मोजके दिवस आणि तेही दुपारचे थोडेच तास उघडं असतं, स्वयंसेवक चालवतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ बघाच. प्रवेश फुकट आहे, देणगीपेटी आहे, ती रिकामी सोडू नका. साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून एक्झिबिशन रोडने सरळ वर चालत यायचं.

बुधवार, हेंडन आणि हॅमरस्मिथ

आजचा दिवस यांचा. नॉर्दर्न लाइनच्या कोलिंडेल स्टेशनवरून चालत आरएएफ, म्हणजे ब्रिटिश वायुदलाचं म्युझियम, हेही फुकट. हरिकेनसमोर हे जे उभे राहिले ते राहिलेच. शेपटीकडचा भाग लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून केलेला, त्यामुळे गोळी आरपार गेली तरी ठिगळ लावून दुसऱ्या दिवशी विमान वर. यांचा सगळा जीव त्या ठिगळ लावणाऱ्यात. "वैमानिकांचे पुतळे होतात," हे म्हणाले, "रात्रभर टॉर्चच्या उजेडात पंख बदलणाऱ्याचा एक दाखवा." पोलिश मेकॅनिकही आपल्या वैमानिकांबरोबर तीन देश ओलांडून आले होते, हे खरंच विसरलं जातं.

यांनी मला थ्रॉटल समजावून सांगितला, तो मात्र मी मन लावून ऐकला. पोलिश आणि फ्रेंच विमानांत जोर वाढवायला दांडी मागे ओढायची, इंग्लिश विमानांत पुढे ढकलायची. वर्षानुवर्षं हाताला लागलेली सवय उलटी करायची, तीही जमिनीपासून पन्नास फुटांवर. वेग किलोमीटरऐवजी मैलांत, उंची मीटरऐवजी फुटांत. पी-११ ची चाकं कायम बाहेर, हरिकेनची आत जाणारी, म्हणून उतरताना ती बाहेर काढायची आठवण ठेवायची. वर रेडिओवरचे हुकूम इंग्रजीत. इंग्रज अधिकाऱ्यांना ही माणसं उड्डाणाला कच्ची वाटत होती. प्रत्यक्षात यांतल्या अनेकांच्या खात्यावर शेकडो तास होते आणि शत्रूशी गाठ पडलेली होती. कच्चं होतं ते इंग्रजी. म्हणून त्यांना आधी तीनचाकी सायकलींवर रेडिओ बसवून मैदानात रांगेत फिरवलं, असं सांगतात. फ्रान्सच्या आकाशात लढून आलेला माणूस गुडघे दुमडून तीनचाकीवर! किती शिव्या घातल्या असतील, आणि त्या एकाही इंग्रजाला कळल्या नसतील.

इथेच एक नाव नोंदून ठेवा: फ्रान्चिशेक कोर्नित्स्की. पोलिश स्क्वाड्रनचा नेता झाला तेव्हा तो अगदी तरुण होता. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्येच राहिला. २०१७ मध्ये लोकांच्या मतदानातून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा लाडका वैमानिक निवडायचा होता, त्यात भल्याभल्या इंग्रज नावांना मागे टाकून हा शंभरीचा पोलिश म्हातारा भरघोस मतांनी पहिला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.

संध्याकाळी हॅमरस्मिथच्या किंग स्ट्रीटवरचं पोलिश सांस्कृतिक केंद्र, ज्याला सगळे पोस्क म्हणतात. रेव्हन्सकोर्ट पार्क स्टेशन जवळ पडतं. १९७४ मध्ये सुरू झालेली सिमेंटची धिप्पाड इमारत, देखणी मुळीच नाही. आत ग्रंथालय, नाट्यगृह, आणि खाली गरम जेवण. मी झुरेक मागवलं. राईचं पीठ आंबवून केलेलं आंबटसर सूप, त्यात उकडलेलं अंडं आणि सॉसेज. पहिल्या घोटाला थेट आंबील आठवली. हे शाकाहारी, त्यांच्यासाठी पिएरोगी रुस्किए, म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरून पाण्यात उकडलेले. शाकाहाऱ्यांनो, लक्ष द्या. पदार्थ शाकाहारी असला तरी वरून परतलेला कांदा येतो आणि त्यात बरेचदा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. मागवतानाच "ते नको" म्हणून सांगा. काउंटरवरच्या बाईंनी यांचं ताट परत नेलं, नवीन आणलं, आणि वर बीटच्या सूपची एक वाटी फुकट ठेवली. यांनी ते लालभडक सूप दोनदा घेतलं.

शेजारच्या टेबलावर चार म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या. हरलेलीने पत्ते आपटले ते इतक्या कोल्हापुरी पद्धतीने, की मला हसू आवरेना.

गुरुवार, साउथ रायस्लिप आणि नॉर्थवुड

सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा सडसडून पडत नाही. हवेत नुसता लोंबकळत राहतो आणि तासाभराने कळतं की आपण पूर्ण भिजलो. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट न्या.

सेंट्रल लाइनने साउथ रायस्लिप, तिथून पायी. पोलिश वॉर मेमोरियल हे लंडनकरांसाठी आधी एका चौकाचं नाव आहे. ए-४० हमरस्त्यावरची वाहतूक तुंबली की रेडिओवर ते नाव येतं. भाचीच्या नवऱ्याने ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं, स्मारक मात्र कधी गाडीतून उतरून बघितलं नव्हतं. एका बाजूने ट्रकांचा अखंड घरघराट, दुसरीकडे नॉर्थोल्टची धावपट्टी. मध्ये पांढऱ्या दगडाचा स्तंभ, माथ्यावर पंख पसरलेला ब्राँझचा गरुड. मागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर युद्धात गेलेल्या पोलिश वैमानिकांची आणि वायुसैनिकांची नावं. शिल्पकार मियेचिस्वाव लुबेल्स्की स्वतः वॉर्सॉच्या उठावानंतर जर्मनांच्या श्रमछावणीत राहून आलेला. अनावरण झालं २ नोव्हेंबर १९४८ ला, म्हणजे पोलिश लोक आपल्या मृतांच्या थडग्यांवर दिवे लावतात त्या दिवसांत.

खर्च लोकवर्गणीतून झाला. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने लंडनमध्ये आसरा घेतलेल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली होती आणि वॉर्सॉत मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं होतं. म्हणजे या माणसांचं स्मारक उभारणारं त्यांचं स्वतःचं राज्यच उरलं नव्हतं. नावांची यादी कुणी केली, हिशेब कुणी ठेवला, कुणाचं स्पेलिंग चुकलं नाही ना हे कुणी तपासलं? मागे उरलेल्या सोबत्यांनी. मला या सगळ्या गोष्टीत विमान पाडण्याइतकंच हे कारकुनी काम मोठं वाटतं. निर्वासिताजवळ शेवटी कागदच राहतो, आणि या लोकांनी तो हट्टाने राखला. यांना हे पटलं नाही. "लढले म्हणून यादी," हे म्हणाले. त्यावर आम्ही बसस्टॉपपर्यंत भांडलो.

तिथून नॉर्थवुडची दफनभूमी. मेट्रोपॉलिटन लाइनने नॉर्थवुड हिल्सला उतरून थोडं चालायचं. फुलं वाटेतच घ्या, दफनभूमीजवळ दुकान नाही. पोलिश विभाग ओळखायला सोपा: इंग्लिश शिळांचा माथा गोलसर, पोलिश शिळांचा टोकदार आणि त्यावर मुकुटधारी गरुड.

इथे लुद्विक पाश्कियेविच आहे. ३० ऑगस्ट १९४० ला ३०३ अजून सरावातच होती. त्या दिवशी सरावाच्या उड्डाणात याला जर्मन विमानं दिसली. रेडिओवरून नेत्याला सांगितलं, उत्तर आलं नाही, तेव्हा रांग मोडून हा निघाला आणि एक विमान पाडून आला. रांग मोडल्याबद्दल ओरडा बसला, पाडल्याबद्दल अभिनंदन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ३०३ लढाईत उतरली. पुढे महिनाही पुरा झाला नाही, २७ सप्टेंबरला तो मारला गेला. इथेच योसेफ फ्रांतिशेक आहे. हा चेक, पण पोलिश पथक सोडायला तयार नव्हता. पथकाच्या रांगेत उडणं त्याला जमायचं नाही, मध्येच गायब होऊन एकटा शिकार करायचा. शेवटी वरिष्ठांनीच त्याला पथकाचा पाहुणा म्हणून मोकळं सोडलं. १७ विमानं त्याच्या नावावर. ८ ऑक्टोबर १९४० ला त्याचं विमान सरेमधल्या यूएलला कोसळलं.

आणि फेरिच. लढाईतून तो वाचला होता. आठांहून अधिक विमानं त्याच्या नावावर लागली, पोलंडचं व्हिर्तुती मिलितारी आणि ब्रिटिश डीएफसी ही शौर्यपदकं छातीवर लागली. १४ फेब्रुवारी १९४२ ला नॉर्थोल्टवर साध्या उड्डाणात त्याचं स्पिटफायर हवेतच मोडलं. शत्रू आसपासही नव्हता. वय २६.

त्याच्या शिळेशी एक साठीतला माणूस बादली आणि ब्रश घेऊन शेवाळ काढत होता. नातलग नाही, जवळच राहतो, एवढंच सांगितलं. तारेचा ब्रश वापरू नये, दगड ओरखडतो. साबणही नको, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. वरून खाली घासलं तर घाण अक्षरांच्या खाचेत बसते, म्हणून खालून सुरुवात करायची. यांनी न बोलता बाही दुमडली आणि शेजारची शिळा घेतली. पाऊण तास दोघं घासत होते. एकमेकांशी बोलले ते फक्त ब्रशाच्या केसांविषयी.

मी छत्री धरून उभी राहिले. दोन डोक्यांवर एक छत्री, माझं डोकं मोकळंच.

शुक्रवार, अक्सब्रिज

ज्यांना एकच जागा बघायला वेळ आहे त्यांनी ही बघावी. बॅटल ऑफ ब्रिटन बंकर: जमिनीखाली ६० फूट, ७६ पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे हिशेब मागतात. बंकरची फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते, आधी नोंदणी करा. वरचं प्रदर्शन स्वतंत्रपणे आरामात बघता येतं.

खाली एक मोठं टेबल, त्यावर दक्षिण इंग्लंड आणि इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रान्सचा नकाशा. त्याभोवती तरुण मुली लांब दांड्यांनी छोटे ठोकळे सरकवायच्या: इथे शत्रू, इतकी विमानं, इतकी उंची. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी लाल, पिवळ्या, निळ्या त्रिकोणांत वाटलेली, दर पाच मिनिटांना रंग बदलतो. ठोकळ्यावरचा बाण त्या वेळच्या रंगाचा लावायचा. म्हणजे वरून बघणाऱ्याला एका नजरेत कळतं, कुठली बातमी ताजी आणि कुठली शिळी. कॉम्प्युटर नव्हता, पण डोकं काय लढवलं होतं! समोरच्या फळ्यावर प्रत्येक तळाची पथकं आणि त्यांच्या दिव्यांच्या रांगा: तयार, उडालं, शत्रू दिसला, उतरलं. नॉर्थोल्टच्या रकान्यात ३०३.

खोली १५ सप्टेंबर १९४० च्या सकाळी साडेअकराला होती तशी मांडली आहे. त्या दिवशी चर्चिल वरच्या गॅलरीत बसून हे सगळं बघत होते. राखीव विमानं किती उरलीत, असं त्यांनी इथून लढाई चालवणाऱ्या वायुदल सेनापती कीथ पार्कना विचारलं. उत्तर मिळालं, एकही नाही. ३०३ त्या दिवशी सकाळी उडाली आणि दुपारीही.

याच पार्कसाहेबांचा एक निरोप मला फार आवडला. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन पोलिश वैमानिक जर्मन विमानांचा पाठलाग करत थेट फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले. तुमची जिद्द कौतुकाची आहे, पण लंडनच्या दारातच इतकी चांगली शिकार असताना एवढ्या लांब जाणं परवडणारं नाही, अशा अर्थाचा निरोप गेला. रागावण्याची ही रीत अस्सल साहेबी. आपल्याकडे सरळ बोलावून झापलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते परत गेले असते. तसे ते पुढेही गेलेच म्हणतात.

बाहेर पडल्यावर ऊन होतं. भाचीने दिलेले थालीपीठ-लोणच्याचे डबे हिरवळीवरच उघडले. नॉर्थोल्टची पोरं संध्याकाळी ज्या ठिकाणी जमायची ते रायस्लिपचं ऑर्चर्ड इथून लांब नाही. पाय बोलत होते, म्हणून तो बेत रद्द.

रविवार, केपल-ल-फर्न

शनिवार कपडे धुण्यात आणि भाचीच्या मुलाला बागेत फिरवण्यात गेला. रविवारी सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने तासाभरात फोकस्टन आणि तिथून बसने केपल-ल-फर्न. पांढऱ्या खडूच्या कड्यावर ब्रिटनच्या लढाईचं राष्ट्रीय स्मारक. जमिनीवर तीन पात्यांच्या पंख्याचा प्रचंड आकार, मध्यभागी खाडीकडे तोंड करून बसलेला दगडी वैमानिक. वारा असा, की यांची टोपी उडून कुंपणाला अडकली. रविवारच्या बसची शेवटची वेळ आधी बघून ठेवा आणि सप्टेंबरातही स्वेटर न्या.

स्वच्छ दिवशी इथून फ्रान्स दिसतो. आम्हाला दिसला. दिसल्यावर कळतं, पाठलाग करणाऱ्याला परत फिरणं का जड जात असेल. १२ एप्रिल १९४१ ला ३०३ चा ज्जिस्वाव हेनेबेर्ग याच खाडीत कुठेतरी उतरला आणि सापडला नाही. भिंतीवर लढाईतल्या जवळपास तीन हजार वैमानिकांची नावं आहेत, त्यांत पोलिश १४५. फेरिचचं मी शोधलं, फ्रांतिशेकचं यांनी.

भिंतीशी एक निवृत्त इंग्रज शिक्षक भेटले. त्यांनीच विषय काढला ८ जून १९४६ च्या विजय संचलनाचा. लंडनच्या रस्त्यावरून दोस्त राष्ट्रांच्या फौजा चालल्या. पश्चिमेकडे लढलेल्या पोलिश सैन्याला स्टालिनची मर्जी राखण्यासाठी बाहेर ठेवलं. फक्त ३०३ च्या काही वैमानिकांना बोलावणं गेलं. आमचे बाकीचे नसतील तर आम्हीही नाही, म्हणून त्यांनी नाकारलं. सांगताना त्या गृहस्थांचा आवाज चढला. स्वतःच्या देशाविषयी परक्यापुढे असं बोलणारी माणसं मला आवडतात.

मग ही माणसं गेली कुठे? सगळ्यांत जास्त विमानं ज्याच्या नावावर, तो स्तानिस्वाव स्काल्स्की १९४७ मध्ये पोलंडला परतला. पुढच्याच वर्षी हेर म्हणून त्याला पकडलं, फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली आणि १९५६ मध्ये सुटका. वितोल्द उर्बानोविच चीनमध्ये अमेरिकनांबरोबर लढून अमेरिकेतच स्थायिक झाला. यान झुम्बाख, ज्याच्या विमानावर डोनाल्ड डक रंगवलेला असायचा, तो पुढे आफ्रिकेतल्या काटांगा आणि बियाफ्राच्या युद्धांत भाडोत्री वैमानिक झाला. वितोल्द वोकुचेव्स्की १९४२ मध्ये फ्रान्सवर पडून जर्मनांच्या कैदेत गेला. युद्धानंतर तो पोलंडला परतला, आणि नियतीचा खेळ असा, की कम्युनिस्ट पोलंडचा लष्करी प्रतिनिधी म्हणून पुन्हा लंडनलाच आला. त्याच शहरात निर्वासित पोलिश सरकार तेव्हाही कारभार चालवत होतं. डिसेंबर १९९० मध्ये त्याच्या शेवटच्या अध्यक्षाने राजचिन्हं पोलंडचे नवे अध्यक्ष लेख वालेसा यांच्या हवाली केली, तोवर.

परतीची गाडी रद्द झाली. कारण सांगितलं नाही, पर्यायी बस येईल असं सांगितलं आणि तीही आली नाही. स्टेशनजवळच्या कॉफीच्या टपरीवरची बाई लुब्लिनची निघाली, पोलंड युरोपीय संघात आल्यानंतर आलेली. ३०३ विषयी तिला विशेष ठाऊक नव्हतं. मुलांना मात्र शनिवारच्या पोलिश शाळेत घालते आणि नोव्हेंबरात त्या शाळेकडून मुलांना थडगी साफ करायला नेतात, हे तिने सांगितलं. मुलगा कुरकुर करतो, थंडीत हात गारठतात म्हणतो. यांनी तिला खालून वर घासायची युक्ती सांगितली. तिने ती मनापासून ऐकली आणि रबरी मोजे घालायची आपली सुचवली. गाडी लागली तेव्हा पावणेनऊ वाजले होते.